मावशी, आधी टचपॅड बाजूला ठेवा

पत्र :

मी 53 वर्षांची आहे. गेल्या वर्षी नोकरी सोडली. बहिणीचा मुलगा आणि त्याचे तीन मित्र रविवारी रात्री ‘नॅरो वन’ नावाचा तिरंदाजीचा खेळ खेळतात. डाउनलोड वगैरे काही नाही, ब्राउझरमध्येच उघडतो. दोन टीम, किल्ल्यासारखी जागा, समोरच्यांचा झेंडा उचलून आपल्याकडे आणायचा. एकदा पाचवा खेळाडू मिळेना म्हणून भाच्यानं मला घेतलं, तेव्हापासून मी खेळतेय. मला आवडतं. पण माझे बाण लागत नाहीत. लॅपटॉपच्या टचपॅडवर खेळते. पळता पळता नेम धरायला गेलं की बोट अडकल्यासारखं होतं. कधी बाण अंगात घुसलेला मला दिसतो आणि तो माणूस आपला तसाच पळत जातो. मुलं म्हणतात, ‘मावशी, तू झेंड्यापाशी थांब.’ मला ते ‘तू बाजूला बस’ असं ऐकू येतं. मागच्या रविवारी ग्रुप कॉलवर जरा लवकर आले, तर एक जण म्हणत होता, ‘मावशी नाहीये ना आज? मग जिंकू.’ मी मुकाट्यानं कॉल ठेवला आणि डोकं दुखतंय असा मेसेज टाकला. त्याच्या आदल्या रविवारी मात्र माझा एक बाण पुलाच्या या टोकापासून त्या टोकाला गेला, पळणाऱ्या माणसाच्या बराच पुढे सोडला होता, आणि तो बरोबर येऊन त्यावर धडकला. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. या वयात हे शिकता येतं का, की मुलांच्या खेळातून मी आपलं निघावं?

– एक मावशी

उत्तर :

मावशी, पुलावरच्या त्या बाणाबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ‘पळणाऱ्या माणसाच्या बराच पुढे सोडला होता’. हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, तरी जमलं. ज्याला हा खेळ कळत नाही तो माणसावर नेम धरतो; तुम्ही तो जिथे पोहोचणार होता तिथे धरलात. त्यामुळे ‘या वयात’ हा भाग आधी बाजूला ठेवू. त्यावर पुढे बोलतेच, पण तुमचं मुख्य दुखणं वय नाही. टचपॅड आहे.

पळता पळता बोट अडकतं, असं तुम्ही लिहिलंय. तो भास नाही. कीबोर्डवर टाइप करताना तळहात चुकून टचपॅडला लागतो आणि कर्सर भलतीकडे उडतो, म्हणून बऱ्याच लॅपटॉपमध्ये अशी सोय केलेली असते की कळ दाबलेली असताना टचपॅड काही क्षण बधिर व्हावा. पत्र लिहिणाऱ्यासाठी सोय छान आहे. पण तुम्ही पुढे पळायला कळ दाबून ठेवता आणि त्याच वेळी टचपॅडवर नेम फिरवायला जाता. यंत्राला वाटतं बाई टाइप करताहेत, आणि ते तुमचं बोट विचारातच घेत नाही. शिवाय धनुष्य ताणून धरायचं, ताणलेलं असतानाच नेम हलवायचा आणि मग सोडायचं, ही तीन कामं एका बोटाच्या गुळगुळीत चौकोनावर करायची. तुमच्या भाच्याला एक डाव टचपॅडवर खेळायला सांगा. मोठा आवाज न करता बघत बसा फक्त.

तेव्हा माउस. साधा, तारेचा, हातात नीट बसणारा. खेळांसाठीचा म्हणून विकला जाणारा, दिवे लागणारा माउस घ्यायची अजिबात गरज नाही. घेतल्यावर दोन गोष्टी भाच्याकडून करून घ्या. विंडोज असेल तर माउसच्या सेटिंगमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ नावाची एक खूण असते, ती काढून टाका. नाव अचूकतेचं असलं तरी ती करते उलटंच: हात जितक्या वेगानं हलवाल त्या प्रमाणात कर्सर जास्तच पळतो, म्हणजे तेवढंच अंतर हात सरकवूनही दर वेळी नेम वेगळ्या जागी जातो. हाताला सवय लागायची तर हात आणि पडदा यांचं नातं कायम एकच असायला हवं. दुसरं म्हणजे खेळातली माउसची सेन्सिटिव्हिटी कमी करा, तुम्हाला वाटेल त्याहूनही कमी. माउस टेबलावर डावीकडून उजवीकडे आरामात सरकवला की तुमचा तिरंदाज साधारण मागे वळलेला असावा. नवखे लोक ती भरमसाट वाढवून ठेवतात, मग मनगटाच्या जराशा थरथरीनं नेम भिंतीवर जातो आणि दोष वयाला मिळतो.

आता ते अंगात घुसलेले आणि तरी न लागलेले बाण. त्यात तुमचा डोळा चुकत नाही. समोरचा माणूस तुम्हाला दिसतो तो थोडा जुना असतो. त्याची हालचाल त्याच्या घरून सर्व्हरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या लांबच्या संगणकाला जाते, तिथून तुमच्याकडे येते, मग तुमचा लॅपटॉप ती काढून दाखवतो. पडद्याच्या कोपऱ्यात किंवा सेटिंगमध्ये ‘पिंग’ म्हणून जो आकडा दिसतो तो या जाण्यायेण्याचा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागात. फायबरच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर 5,000 किलोमीटरवर असेल तर बाकी सगळं सुरळीत असतानाही जाऊन यायला 50 मिलिसेकंद लागणारच, भाच्यानं कितीही महागडं कनेक्शन घेतलं तरी. सेकंदाला 6 मीटर पळणारा माणूस तेवढ्यात 30 सेंटिमीटर सरकलेला असतो. बाण लागला की नाही हे काही खेळांत सर्व्हर ठरवतो, काहींत मारणाऱ्याचंच यंत्र. जिथे सर्व्हर ठरवतो तिथे तुम्ही त्याच्या सावलीला बाण मारलेला असतो. उपाय एवढाच, की खेळात सर्व्हर निवडता येत असेल तर जवळचा निवडायचा, आणि नेम आणखी थोडा पुढे.

कधी सगळे जण गोठतात आणि मग एकदम उड्या मारत भलतीकडे दिसतात, तसं होत असेल तर कारण वेगळं आहे. ब्राउझरमधले असे खेळ बहुतेक ‘वेबसॉकेट’ नावाच्या जोडणीवर चालतात, तिच्यातून ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात. त्यात माहितीचे तुकडे क्रमानंच पोचवायचे असा नियम आहे. एक तुकडा वाटेत हरवला की तो पुन्हा येईपर्यंत मागचे सगळे रांगेत खोळंबतात आणि मग लोंढा येतो. तुकडे हरवतात ते बहुतेक घरातल्या वायफायवर. राउटरपासून तार ओढता आली तर उत्तम, नाहीतर निदान त्याच खोलीत बसा आणि राउटरला 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क असेल तर ते वापरा.

लॅपटॉपच रखडत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टम’खाली ग्राफिक्स किंवा हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू आहे ना ते बघा. ते बंद असेल तर चित्र काढायचं सगळं काम मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावर पडतं. चार्जर लावून खेळा, बाकीचे टॅब बंद करा. खेळ चालू असताना मेसेज बघायला दुसऱ्या टॅबवर जाऊ नका. टॅब नजरेआड झाला की ब्राउझर त्यातलं चित्र काढणं थांबवतो, आणि तुम्ही परत येईपर्यंत तुमचा तिरंदाज मैदानात खांबासारखा उभा असतो. कंट्रोल आणि डब्ल्यू या कळा एकत्र दाबल्या की टॅबच बंद होतो, हेही आत्ताच सांगून ठेवते. डब्ल्यू म्हणजे पुढे पळायची कळ. कंट्रोलवर कुठलंही काम ठेवलेलं असेल तर ते दुसऱ्या कळेवर हलवा. ऐन डावात झेंडा हातात असताना स्वतःच खिडकी बंद करून बाहेर पडलेले लोक जगात पुष्कळ आहेत.

यंत्राचं झालं. आता वय.

वयानुसार प्रतिक्रियेचा वेग कमी होतो, हे खरंच आहे, त्यावर गोड बोलून उपयोग नाही. बंदुकीच्या बऱ्याच खेळांत चाप ओढला की गोळी त्याच क्षणी लागली असं गणित केलेलं असतं. तिथे ज्याचं बोट आधी हललं तो जिंकला. तिथे मी तुम्हाला भाच्याशी स्पर्धा करा असं म्हणणार नाही. पण बाणाला पोचायला वेळ लागतो. समजा बाण सेकंदाला 40 मीटर जातो आणि माणूस 20 मीटरवर, त्याच सेकंदाला 6 मीटरच्या वेगानं आडवा पळतोय. बाणाला अर्धा सेकंद लागेल, तेवढ्यात तो 3 मीटर पुढे गेलेला असेल. तुम्ही किती पटकन सोडला याला इथे फारसा अर्थ नाही. तो 3 मीटर पुढे कुठे असेल हे तुम्ही ओळखलंत का, याला आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं बोट वेगवान असतं, पण समोरचा आता काय करणार याची वाट बघत बसणं त्याला जमत नाही. तुम्हाला जमेल, असा माझा अंदाज आहे, आणि त्याला पुरावा पुलावरचा बाण.

आणि खऱ्या तिरंदाजीतलं उदाहरण हवंच असेल तर 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला तिरंदाजीचं सुवर्णपदक क्वीनी न्यूऑल यांनी जिंकलं तेव्हा त्या 53 वर्षांच्या होत्या. आता त्यांचं लक्ष्य उड्या मारत पळत नव्हतं, हे कबूल.

नेमाचं गणित थोडं आणखी सांगते, कारण मुलं हे ‘जमतं हळूहळू’ म्हणून सोडून देतात. अंतर दुप्पट झालं की बाणाला वेळ दुप्पट लागतो, म्हणून नेमही माणसाच्या दुप्पट पुढे धरायचा. इथपर्यंत सरळ आहे. पण बाण खालीही पडत असतो, आणि ते पडणं वेळेच्या वर्गानं वाढतं. पृथ्वीवरचं गुरुत्वाकर्षण धरलं तर अर्ध्या सेकंदात साधारण 1.2 मीटर, एका सेकंदात 4.9 मीटर, म्हणजे वेळ दुप्पट तर पडणं चौपट. खेळ बनवणारे गुरुत्वाकर्षण आपल्या सोयीनं कमीजास्त ठेवतात, त्यामुळे आकडे बदलतील, चौपटीचा हिशोब बदलत नाही. म्हणून जवळचे बाण लागतात आणि लांबचे सगळे पायापाशी पडतात. तुमचे लांबचे बाण कुठे पडतात ते आठवून बघा. जवळपास सगळे नवे खेळाडू ‘पुढे’ बरोबर धरतात आणि ‘वर’ कमी धरतात. आणि धनुष्य पूर्ण ताणल्याशिवाय सोडू नका. अर्धवट ताणलेला बाण हळू जातो, लवकर पडतो, आणि तुमचं डोकं पुन्हा नव्यानं हिशोब करायला लागतं. घाई झाली की अर्धवट सोडायचा मोह होतो. तो आवरता आला की निम्मे चुकलेले बाण तिथेच वाचतात.

हे गणित टाळायचीही एक युक्ती आहे. जो माणूस सरळ तुमच्याकडे पळत येतोय किंवा तुमच्यापासून सरळ लांब जातोय, त्याच्यासाठी डावी-उजवीकडे काही पुढे धरायचं नसतं. अवघड असतो तो आडवा पळणारा. मग तुम्ही अशाच जागी उभ्या राहा जिथे माणसाला तुमच्याकडे सरळच यावं लागेल: अरुंद दार, जिना, पूल, दोन भिंतींमधली बोळ. उडी मारणाऱ्यावर हवेत बाण सोडू नका. तो खाली कुठे टेकणार ते दिसत असतं, आणि हवेत त्याला फारसं वळता येत नाही. टेकण्याच्या जागेवर नेम धरून थांबा.

आणि अशा जागा सगळ्यात जास्त कुठे असतात? आपल्या झेंड्याच्या आसपास.

म्हणून ‘मावशी, तू झेंड्यापाशी थांब’ हे मुलांनी कुठल्या का मनानं म्हटलेलं असेना, सल्ला चांगला आहे, मी त्यांच्या बाजूची आहे. त्यांनी तो वाईट रीतीनं दिला एवढंच. डाव संपल्यावर पडद्यावर कोणी किती जणांना मारलं याची यादी येते आणि मुलांचं सगळं लक्ष तिच्यावर असतं. पण जिंकतो तो झेंडा नेणारा संघ. मैदानाच्या मध्यावर तुमच्या भाच्यानं मारलेला माणूस काही सेकंदांत पुन्हा जिवंत होऊन येतो. त्यानं फारसं काही बिघडत नाही. तुमचा झेंडा घेऊन पळणारा माणूस दारात पडला तर मात्र त्याच्या टीमनं तिथवर यायला घातलेला सगळा वेळ वाया जातो. एक बाण, पण किंमत बघा. हे यादीत वेगळं दिसत नाही, म्हणून पोरांना ते काम बसून राहण्याचं वाटतं.

फक्त झेंड्यापाशी थांबायचं म्हणजे झेंड्याला चिकटून उभं राहायचं नाही. येणाऱ्याला तुम्ही तिथेच असणार हे माहीतच असतं, तो कोपऱ्यावरूनच तुम्हाला टिपतो. थोडं लांब, शक्य असेल तर उंचावर, आणि नजर झेंड्यावर न ठेवता बाहेर पडायच्या वाटांवर. आत येणारा सावध असतो. झेंडा उचललेला माणूस घाईत असतो, मागेपुढे बघत नाही, सरळ पळत सुटतो, आणि त्याच्या वाटा दोन-तीनच असतात. त्याला आत येऊ दिलात तरी हरकत नाही, बाहेर जाऊ देऊ नका. दोन-तीन बाण एका जागेवरून झाले की सरका. कानाला हेडफोन लावा, पावलं कुठल्या बाजूनं येताहेत ते लॅपटॉपच्या स्पीकरवर कळत नाही.

आणि बोला. पाठीमागून सगळं मैदान तुम्हाला दिसतं, पुढे धावणाऱ्यांना दिसत नाही. ‘अरे अरे तो बघ तिकडून आला’ याचा कोणाला काही उपयोग नसतो. ‘डावा जिना, दोघं.’ ‘झेंडा गेला, पुलावरून.’ एवढंच. जागा आधी, मग आकडा. जागांना नावं तुम्हीच द्या, दोन आठवड्यांत सगळे तीच वापरायला लागतील.

चष्म्याचं विचारून ठेवते. जवळचं आणि लांबचं एकाच काचेत असलेला चष्मा असेल तर जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. त्यातून पडदा बघायला हनुवटी वर करून बसावं लागतं, तासाभरानं मान धरते आणि पडद्याच्या वरच्या कडेला बघायचं राहून जातं. बाण बहुतेक वरूनच येतात. डोळे तपासणाऱ्याला पडद्याचं अंतर मोजून सांगा आणि तेवढ्यासाठी वेगळा नंबर मागा. खेळताना मनगट दुखायला लागलं तर डाव अर्धा सोडून उठा, मुलं काही म्हणणार नाहीत आणि म्हटली तरी उठा.

राहिला तो कॉलवरचा प्रसंग, आणि तुम्ही पत्रात तो जेमतेम दोन ओळींत उरकलाय म्हणून मला तोच जास्त लागलेला वाटतो.

जो बोलला तो भाचा नव्हता, त्याचा मित्र होता. निदान तुम्ही ‘एक जण’ लिहिलंय, भाचा असता तर भाचा लिहिलं असतंत. त्याला तुमच्याशी वैर नाही, त्याला जिंकायचं होतं. तुम्ही खरंच टीमला थोडं मागे ओढत असाल, टचपॅडवर कोणीही ओढेल. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात: तो कडू बोलला आणि तो चूक नव्हता. पण डोकेदुखीचा मेसेज टाकून तुम्ही असं केलंत की आता पुढच्या रविवारी पुन्हा कारण शोधावं लागेल, आणि दोन-तीन वेळा असं झालं की ‘मावशीला कंटाळा आला वाटतं’ म्हणून मुलं पाचवा दुसरा शोधतील. कोणी कोणाला काही न बोलता तुम्ही बाहेर.

भाच्याशी बोला. एकटा असताना, कॉलवर सगळ्यांसमोर नको. ‘मी त्या दिवशी ऐकलं’ हे सांगा, कोण बोलला ते विचारू नका. आणि तक्रार म्हणून तिथे थांबू नका, लगेच कामाचं बोला: ‘मी माउस घेतेय. मला तो लावून दे, एक तास शिकव, आणि झेंडा मी सांभाळते.’ मुलाला शरम वाटली की तो गप्प होतो. काहीतरी करायला दिलं की सुटतो. मावशीला खेळ शिकवणं हे त्याच्या वयात मोठं पद आहे, त्याला ते मिळू द्या.

एक सूट तुम्हीही द्या. कधीकधी त्या चौघांना जीव तोडून जिंकण्यासाठी खेळायचं असेल, त्या रात्री त्यांनी पाचवा कोणी तयार खेळाडू घ्यावा. तसं त्यांनी तुम्हाला सरळ सांगावं आणि तुम्ही सरळ ‘बरं’ म्हणावं. लपवाछपवीपेक्षा ते बरं. पहिल्या एक-दोन डावांत तुम्ही, मग त्यांचे ते, असंही चालेल.

त्या रात्री तुम्ही अनोळखी लोकांच्या डावात शिरा. ब्राउझरचा खेळ असल्यानं कोणाच्या निमंत्रणाची गरज नसते, उघडलं की कुठल्यातरी टीममध्ये जागा मिळते. सराव खरा तिथेच होतो, कारण तिथे चुकलेल्या बाणाला ओळखीचं कोणी साक्षीदार नसतं. पहिले काही डाव लांबचे बाणच मारा, लागो न लागो, आणि कुठे पडतात तेवढंच बघा. खेळातलं नाव स्वतःचं ठेवू नका, आणि चॅटमध्ये कोणी वय विचारलं किंवा वेडंवाकडं बोललं तर उत्तर न देता चॅट बंद करा.